स्वस्त इअरफोन आणि अनमोल कान



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लिहिण्यात कुठे हिंदीची छटा उतरली तर सांभाळून घ्यावे. या अंकात विषय जरा वेगळा आहे : कानात घालायचे इअरफोन.

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात टीव्ही व मोबाईलवरून शाळा भरू लागली, तेव्हा घरोघरी इअरफोन आले. पुढे वर्ग सुरू झाले, पण इअरफोन कानातून निघाले नाहीत. मध्यंतरी नववीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते." शिक्षकांच्या बैठकीत सरसकट बंदीचा प्रस्ताव आम्हीच मांडला. मग विचार केला, फाटकाबाहेर आमची बंदी चालणार नाही, तिथे मुलांची समजच कामी येईल. प्रस्ताव मागे घेतला. बाजारातून २०० ते १५०० रुपयांपर्यंतचे चार जोड आणले व आठवडाभर सर्व शिक्षकांनी वापरून पाहिले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आवाजाआधी बसणे पाहावे. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणे येतात. बहुतेक मुले लावून आलेलीच वापरतात. टोपण सैल असेल तर तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि आपण आवाज वाढवतो. नीट बसले की बोलताना स्वतःचाच आवाज घुमतो, ही सोपी खूण. तासाभराने कान दुखला तर तो जोड आपला नव्हे, मग तो कितीही महाग असो.

दुसरी परीक्षा शब्दांची. 'चहा' आणि 'चमचा' यांतला 'च' वेगळा, हे हिंदीत शिकलेल्या आम्हाला फार उशिरा उमगले. ज्या इअरफोनमध्ये हा फरक आणि 'स', 'श' स्वच्छ ऐकू येतात, तो अभ्यासाला चांगला. आमच्या चार जोडांत सर्वांत महागडा नुसताच धडधडत होता. शब्दांत पहिला आला तो त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा.

या वस्तूचा मूळ हेतूही जाणून घ्यावा. रंगमंचावरच्या गोंगाटात कलाकारांना स्वतःचे वाद्य ऐकू यावे म्हणून असे इअरफोन वापरात आले. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी ते बनवले. बाहेरचा आवाज अडवून कमी आवाजात स्पष्ट ऐकणे, हा त्यांचा फायदा. आपली मुले निर्मलच्या बसमध्ये नेमके उलटे करतात.

आपल्या प्रत्येक कानात जन्मतः सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. ९० डेसिबल झाला तर हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच आहे. म्हणून मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये.

पालकांना विनंती की खरेदीला मुलाला सोबत न्यावे, टोपणे बदलून पाहावीत. विद्यार्थ्यांनो, एकमेकांचे इअरफोन वापरू नका, टोपणे पुसून ठेवा, आणि रस्त्याने चालताना किंवा सायकलवर ते खिशातच असू द्या. कानात शिट्टी वाजली तर लपवू नका, घरी सांगा. त्या विद्यार्थ्याला आम्ही पालकांसह कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे. विश्वस्तांनी वर्षातून एकदा सर्व मुलांच्या श्रवण तपासणीची सोय करावी, एवढीच मागणी आहे.

केसलापूरच्या नागोबा जत्रेत प्रधान कलावंतांची किकरी ऐकलीच असेल. तिचा बारीक सूर साठाव्या वर्षीही ऐकू यावा असे वाटत असेल, तर कान पंधराव्या वर्षापासूनच सांभाळावे लागतील.



आपले,
मुख्याध्यापक