दर तोच, वजन कमी

पुड्याची किंमत तीच ठेवून आतला माल घटवणे ही छुपी भाववाढ आहे आणि ती कायद्यात बसते. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये चहा, बिस्किटे, मीठ, खाद्यतेल अशा वस्तूंची ठरावीक वजनेच विकण्याची अट होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती वगळली. बदल्यात एककाचा दर छापणे आले: किलोपेक्षा कमी वजनाला प्रतिग्रॅम, जास्त असल्यास प्रतिकिलो. आधी वजन किती होते, हे सांगण्याचे बंधन मात्र कोणावरच नाही.

खुलताबादेत श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीला रात्रभर चालत येणारा भाविक पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतो, तेव्हा प्रतिग्रॅम दरातील दशांश अपूर्णांक वाचत बसत नाही. पाच-दहा रुपयांचे पुडे घेणाऱ्या मजुराचे नुकसान याहून मोठे, कारण त्याची खरेदी रोजचीच असते. दुकानदाराचा यात दोष नाही. वजन कारखान्यात ठरते.

फ्रान्समध्ये जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा घटीची सूचना मालाजवळ दोन महिने लावावी लागते. इथेही पुड्याच्या दर्शनी बाजूला जुने आणि नवे वजन मोठ्या अक्षरांत, किमान तीन महिने छापण्याची सक्ती केंद्राने करावी.