कम्युनिटी कॉलेजातले गणित: स्वस्त, पण कोणासाठी?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत बारावीच्या मुलाने कम्युनिटी कॉलेजचे नाव काढले की आईवडिलांचा चेहरा पडतो. चारचौघांत सांगायचे काय, ही खरी अडचण. ती बाजूला ठेवून, मुलाला गणितच शिकायचे असेल तर हा मार्ग कसा, हे पाहिले पाहिजे.

राज्याच्या रहिवाशाला तिथे एका युनिटला ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांची दोन वर्षांची पदवी शुल्कापुरती २,७६० डॉलरांत होते. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स हे विषय विद्यापीठात असतात तेच. वर्ग बेताचा, आणि प्राध्यापकाचे मुख्य काम शिकवणे. मोठ्या विद्यापीठात हाच कॅल्क्युलस बऱ्याचदा भल्यामोठ्या सभागृहात उरकतो.

मात्र या पदवीवर थेट नोकरी जवळपास नाही. नर्सिंगची दोन वर्षे करून परवान्याच्या परीक्षेला बसता येते, गणिताची दोन वर्षे करून फक्त पुढच्या वर्गात. म्हणजे सगळी भिस्त चार वर्षांच्या विद्यापीठात होणाऱ्या ट्रान्स्फरवर. २०१० च्या कायद्यामुळे ठरावीक पदवी घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते, पण हव्या त्या कॅम्पसची नव्हे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस अटींवर हमी देतात; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यांत नाहीत. शिवाय विषयांची साखळी असते. एक कॅल्क्युलस राहिला की पुढचे सगळे अडते, आणि दोन वर्षांची तीन होतात.

पुढे काय करायचे आहे, यावर निवाडा ठरावा. ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणारा, व्हायचे असेल तर हा रस्ता मला सरळ वाटतो. सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजच्या संभाव्यतेच्या परीक्षेत तीन तासांत तीस प्रश्न असतात, तिला बसायला पदवी लागत नाही, आणि लागणारा कॅल्क्युलस कम्युनिटी कॉलेजात पुरा होतो. ट्रान्स्फर होतानाच एक परीक्षा खिशात असली तर इंटर्नशिप मागायला बळ येते. शाळेत शिकवायचे असेल तरी तेच. पदवी आणि शिक्षकाचा परवाना महत्त्वाचा, पहिली दोन वर्षे कुठे काढली हे फारसे कोणी विचारत नाही. आणि कम्युनिटी कॉलेजातच शिकवायचे असेल, तर गणितातली मास्टर्स पुरते, पीएच.डी. लागत नाही.

संशोधनाचे मात्र वेगळे आहे. पहिली दोन वर्षे बहुतेक प्रश्न 'किंमत काढा' अशा जातीचे असतात. तिसऱ्या वर्षी रिअल ॲनालिसिसचा पेपर विचारतो: वाढत जाणाऱ्या, पण एका मर्यादेपलीकडे न जाणाऱ्या क्रमिकेला लिमिट असतेच, हे सिद्ध करा. सूत्र नाही, आकडा नाही, उत्तर म्हणून अर्धे पान युक्तिवाद लिहायचा. हा धक्का विद्यापीठातल्या मुलांनाही बसतो, पण त्यांना तो दुसऱ्या वर्षीच पचवून घेता येतो. त्यात पीएच.डी.चे अर्ज चौथ्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुमारास जातात. ट्रान्स्फर झालेल्याला शिफारसपत्र देण्याइतके ओळखणारे प्राध्यापक मिळवायला जेमतेम सव्वा वर्ष उरते.

म्हणून संशोधनाची ओढ पक्की असेल आणि विद्यापीठ पुरेशी शिष्यवृत्ती देत असेल, तर थेट तिथेच जावे. शिष्यवृत्ती नसेल तर केवळ त्यासाठी लाखभर डॉलरचे कर्ज डोक्यावर घेऊ नये. कम्युनिटी कॉलेजात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स घ्यावे, कारण सिद्धतेशी पहिली गाठ तिथे पडते. आणि ट्रान्स्फरच्या पहिल्याच सत्रापासून प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना नेमाने हजर राहावे.