अर्ध्या मात्रेची बचत

१९९१ साली पुण्यात दोन आरंभ झाले. सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला आणि कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. अमेरिकेने नाकारलेले यंत्र आपण स्वतः उभारले, ही ‘परम’ची कथा आपण कौतुकाने सांगत आलो आहोत. त्याच सी-डॅकच्या २०१३ मधील ‘परम युवा २’ची आठवण मात्र क्वचितच निघते. २००८ च्या ‘परम युवा’ची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप होती, नव्या यंत्राची ती पाचशेच्या पुढे गेली आणि तरीही आधीच्या यंत्रणेपेक्षा सुमारे ३५ टक्के वीज कमी लागेल, असे संस्थेने जाहीर केले. दर वॅटमागे किती आकडेमोड होते, यावर महासंगणकांचा क्रम लावणाऱ्या ‘ग्रीन ५००’ यादीत तो त्या वर्षी भारतात पहिला व जगात ४४ वा ठरला.

माझ्या मते हा पराक्रम अधिक मोलाचा आहे. चिपमधील स्विचिंगला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज एक पंचमांशाने उतरवले, तर त्याच गतीला ती ३६ टक्क्यांनी घटते. परंतु व्होल्टेज उतरले की गतीवरही मर्यादा येते. म्हणून एका धावऱ्या गाभ्याऐवजी मंद चालीचे अनेक गाभे योजावे लागतात, आणि आज्ञावलीही त्यांच्यात काम वाटून देणारी लिहावी लागते. तात्पर्य, काटकसर मागाहून चिकटवता येत नाही. ती आराखड्याच्या पहिल्या रेषेतच असावी लागते.

वाचलेली वीज वाढत्या वापरात जिरून जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. वापराला मर्यादा घालणे हे समाजाचे काम आहे. पण त्यामुळे उधळे यंत्र रचण्याची मुभा अभियंत्याला मिळत नाही. महाराष्ट्रातील वीज आजही मुख्यतः कोळशावर निर्माण होते. प्रयोगशाळेतील उधळपट्टीची राख चंद्रपूर-कोराडीच्या वाट्याला येते.

सूत्रातील अर्धी मात्रा वाचली, तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपली परंपरा मानते. कर्वेनगरातील विद्यार्थिनींना वॅट वाचवण्याचा तसाच आनंद व्हावा. त्यासाठी प्रकल्प तपासताना ‘किती वेगवान?’ या प्रश्नाइतकेच गुण ‘किती विजेत?’ या प्रश्नालाही ठेवले पाहिजेत.