बाळंतिणीची दाढ



मागचे दोन महिने या सदराला दांडी मारली. कारण आत्ता माझ्या मांडीवर झोपलंय. लेक झाली! पहिलं बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी आले, म्हणजे भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीला. पुण्याचं ऑफिस, कोड, मीटिंगा सगळं २६ आठवड्यांसाठी बंद. बाळाबद्दल लिहायला घेतलं तर संपणार नाही, म्हणून आज एका दाढेबद्दल लिहिते. ही दाढ आता माझ्या तोंडात नाही, आणि ती वाचू शकली असती.

आमच्या आजीचं म्हणणं असं, की एका बाळंतपणाला एक दात जातोच. बाळ आईच्या दातातलं चुन्याचं सत्त्व ओढून घेतं म्हणे. आजीची पाच बाळंतपणं झाली आणि शेवटी तोंडात दातही मोजकेच उरले, त्यामुळे घरात कुणी हा हिशेब तपासला नाही. (आजी आयुष्यभर मिश्री लावायची, ते मात्र हिशेबात कुणी धरलं नाही.)

मी बीई झालेली, लहानपणापासून प्रश्न विचारणारी. पण दाताच्या बाबतीत माझं शिक्षण कधीच उपयोगी पडलं नाही. नऊ वर्षांची असताना एकदा माझा दात नीट बधीर न करताच उपटला होता. तेव्हापासून त्या खुर्चीचं नाव काढलं तरी हात गार पडतात. पाचव्या महिन्यात ब्रश करताना रक्त यायला लागलं आणि खालच्या डाव्या दाढेत काळा ठिपका दिसला. एका दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, "आता काही नको, डिलिव्हरीनंतर बघू," आणि नंतरच्या खर्चाचा कागद हातात दिला. आकडा पाच अंकी होता. ऑफिसच्या विम्यात असले दाताचे उपचार बसत नाहीत. खरं सांगू? "आता नको" ऐकून मला आनंदच झाला. भीतीला कारण हवंच असतं, ते डॉक्टरांकडूनच मिळालं.

मग आलं बाळंतपण. आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, गुळाचा शिरा, शेपा-ओवा. सगळं प्रेमाने, दर दोन तासांनी. रात्री बाळाला पाजायला उठलं की आई वाटीत लाडू घेऊन हजर. आणि थंड पाण्याने दात घासायचे नाहीत, हिरड्या सुटतात, हा घरचा नियम. म्हणजे चिकट गूळ दाढेत, वर ब्रश नाही. चौथ्या आठवड्यात ठिपक्याचा खड्डा झाला आणि रात्री दोन वाजता बाळ एका बाजूने आणि दाढ दुसऱ्या बाजूने रडायला लागली. दुधातून बाळाला जाईल या भीतीने मी गोळीसुद्धा घेतली नाही. लवंगेचं तेल लावून भिंतीला डोकं टेकून बसायचे.

एके रात्री ठणका इतका वाढला की रडणाऱ्या लेकीवर मी खेकसले. एक महिन्याच्या बाळावर! आई धावत आली, तिला उचलून घेतलं. मी खूप वेळ रडत बसले.

दुसऱ्या दिवशी आशा ताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं असतं. ही २८ व्या दिवसाची फेरी होती. त्यांनी बाळाचं वजन केलं, वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गाल कशानं सुजायलाय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग भालकीला सरकारी दवाखान्यात जावा की. दाताच्या डॉक्टर हायत तिथं. फुकट बघतेत."

घरात दोन अडचणी उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर? आन् वरची-खालची दाढ काढली की नजर जाती म्हणतेत." माझी अडचण वेगळी होती आणि ती मी मोठ्याने बोलले नाही: मी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, फुकटच्या रांगेत? कुणा गरिबाची जागा अडवल्यासारखं नाही का होणार? खरं तर यातही निम्मी लाज होती आणि निम्मी भीती.

शेवटी वडील म्हणाले, "दुखणं तिला हाय, ठरवू द्या तिला." शनिवारी नवरा पुण्याहून आला होता. काकांच्या गाडीतून आम्ही सगळे भालकीला गेलो. बाळ, दुपटी, कानाला फडकं बांधलेली मी, आणि आईच्या पिशवीत ओव्याची पुरचुंडी.

दारावर कन्नडमध्ये पाटी होती: दंत विभाग. दोन्ही भाषांत शब्द तोच. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा वाटला गेला; उदगीर, निलंगा मराठवाड्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात आली. तेव्हापासून आमच्या घरात मराठी आणि पाट्यांवर कन्नड असा संसार चाललाय. रांगेत एक आजी कवळीची चौकशी करायला आल्या होत्या. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी 'दंत भाग्य' योजना आहे, त्यासाठी. त्यांनी माझ्याकडे, मग बाळाकडे पाहिलं आणि न विचारताच मला पुढे केलं. "ल्हान लेकरू हाय, जा तू आधी."

डॉक्टरबाईंनी खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "बायी तेगीरी." दारात उभा असलेला माझा पुणेकर नवरा दचकला. बायकोला कुणी 'बाई' म्हणून हाक मारतंय आणि वर काहीतरी दटावतंय, असं त्याला वाटलं. कन्नडमध्ये बायी म्हणजे तोंड. तोंड उघडा, एवढंच त्या म्हणत होत्या! मी हसले, आणि हसताना तोंड उघडलं. तपासणीची सुरुवात झाली ती अशी.

मी आधीच सांगून टाकलं, "मला फार भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मग हात वर करा, मी थांबेन. किती वेळा केला तरी चालेल." मी पाच वेळा केला. पाचही वेळा त्या थांबल्या.

दाढेचा वरचा भाग पोखरून गेला होता, मुळाशी पू होता. त्यांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला दोन्ही चालतात हे समजावलं. बधीर करायचं लिग्नोकेन दुधात अगदी नगण्य उतरतं, त्यासाठी पाजणं थांबवायची गरज नाही. दाताचा एक्स-रे काढला तरी पाजता येतं. इतक्या रात्री मी उगाचच दुखणं सोसलं होतं. फक्त मनाने कुठलीही गोळी घ्यायची नाही; अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

पाच दिवसांनी दुसरी खेप, या वेळी आई, मी आणि बाळ बसने. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. आईला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. माझ्या आधारवर पुण्याचा पत्ता, त्यामुळे मला पूर्ण तिकीट! आई भालकीपर्यंत त्यावर हसत होती.

दाढ काढताना दाब जाणवला, दुखलं नाही. माझ्या मनात तेवीस वर्षं नऊ वर्षांची मुलगी बसलेली होती, ती इतक्या लवकर मोकळी होईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आई बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती. खर्च म्हणाल तर चिठ्ठीचे थोडे रुपये.

मग डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते ऐकून मात्र वाईट वाटलं. गरोदरपणात बदललेल्या हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं; उलट्यांच्या आम्लाने दात झिजतात. बाळ दातातलं कॅल्शियम ओढत नाही. आणि दात भरायला चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ तर सगळ्यात सोयीचा. म्हणजे पाचव्या महिन्यात माझा तो ठिपका भरता आला असता. दाढेचा नजरेशी काही संबंध नसतो, हे त्यांनी आईला वेगळं सांगितलं. मी रांगेचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक इथं दात काढायलाच येतात. भरायच्या वेळी कुणी येत नाही. तुम्ही तरी लवकर यायचं होतं."

इंग्लंडमध्ये माझी एक मैत्रीण आहे. तिथे गरोदरपणात आणि बाळ झाल्यावर १२ महिने सरकारी आरोग्यसेवेत दाताचे उपचार मोफत असतात. तसं प्रमाणपत्रच मिळतं. पण नवा पेशंट घेणारा दंतवैद्य सापडणं तिथे अनेक भागांत अवघड झालंय. ती अजून शोधतेय. आमच्याकडे उलट: डॉक्टर होत्या, खुर्ची होती, आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आशा ताई त्या दिवशी आल्या नसत्या तर?

घरी आल्यावर खरं युद्ध झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं, आज गरम खायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही. बाळंतिणीला थंड! आईला ते पचेना. शेवटी कोमट पेजेवर तह झाला.

तर मंडळी, तुमच्यात कुणाकडे गोड बातमी असेल तर पहिल्या सोनोग्राफीबरोबर दातही दाखवून घ्या. "नंतर बघू" म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. डिंकाचा लाडू जरूर खा, पण नंतर कोमट पाण्याने दात घासा. बाळाचा चमचा आपल्या तोंडात घालून चाखू नका, आपले किडीचे जंतू त्याच्या तोंडात जातात. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर कधी बसतात, हे एकदा विचारून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक. मी कापूस दाबून बसले होते तेव्हा डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "तुमचे दात कधी दाखवलेत?" आई म्हणाली, "मला काय झालंय?" मग बाळ माझ्याकडे दिलं, पदर सावरला आणि साठाव्या वर्षी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. दोन दाढा भरायच्या आहेत. पुढच्या मंगळवारी आम्ही परत चाललोय. बसचं तिकीट मलाच लागणार.