सहायकांच्या परिषदेवर आमचा माणूस कुठे आहे?

संसदेने २०२१ साली राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा मंजूर केला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी वेगवेगळे कायदे व परिषदा आधीपासून होत्या. पण रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र चालविणारा, शस्त्रक्रियागृहात भूल देणाऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभा राहणारा आणि फिजिशियन असोसिएट म्हणजे डॉक्टरचा प्रशिक्षित सहायक, अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना देशपातळीवर कायद्याचे छत्र नव्हते. ते या कायद्याने दिले. राज्यांनी मात्र अंमलबजावणीत इतकी चालढकल केली की १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला १२ ऑक्टोबर २०२४ ही मुदत घालून द्यावी लागली. एवढा महत्त्वाचा हा कायदा, पण आपल्या चळवळीच्या व्यासपीठांवर त्याची चर्चा जवळपास नाहीच. ती व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

फिजिशियन असिस्टंट ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सैनिकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. आपल्या देशात १९९२ च्या सुमारास चेन्नईत हृदयशस्त्रक्रियेच्या क्षेत्रात त्याची सुरुवात झाली. रुग्णाची माहिती घेणे, तपासण्या करवून घेणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, नंतर रुग्णावर लक्ष ठेवणे ही कामे हा सहायक डॉक्टरच्या देखरेखीखाली करतो. २०२५ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्या व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत फिजिशियन असोसिएटचाही समावेश आहे. म्हणजे येत्या काळात या पदव्यांची दुकाने गल्लोगल्ली निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या अभ्यासक्रमांना जाणार कोण? परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, पाथरी येथील शेतमजुरांची, सफाई कामगारांची, छोट्या नोकरदारांची मुले-मुली जाणार. ज्यांच्या आई-वडिलांनी दवाखान्यात झाडू मारला, मलपात्रे उचलली, 'मामा' आणि 'मावशी' म्हणून आयुष्य काढले, त्यांची ही पुढची पिढी आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले ते याच पिढ्यांसाठी. एमबीबीएसचे दार ज्यांना गुणांनी आणि पैशाने बंद होते, ती मुले या दाराने आरोग्यसेवेत येतील. म्हणून या दाराची किल्ली कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने तांत्रिक नाही, तो सामाजिक न्यायाचा आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्य परिषदेवर अध्यक्ष, शासनाच्या वैद्यकीय विभागाचे, वैद्यकीय महाविद्यालयांचे व धर्मादाय संस्थांचे प्रतिनिधी आणि दहा व्यवसायवर्गांतून प्रत्येकी दोन सदस्य असावेत अशी रचना आहे. यांतले निवडून आलेले किती? एकही नाही. नेमणूक शासन करणार. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांना परिषदेवर ठराविक जागा द्याव्यात असे बंधन कायद्यात नाही. आणि हीच परिषद नव्या संस्थांना परवानगी देणार, तपासणी करणार, नोंदणीपुस्तक ठेवणार, व्यावसायिक गैरवर्तनाचा निवाडा करणार. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास पन्नास हजार रुपये दंड आहे. ज्याच्या पोटावर एवढी सत्ता चालणार, त्याला मत नाही, हा कुठला न्याय?

आम्ही वकिली व्यवसायातले. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने राज्याच्या बार कौन्सिलवर वकील मतदान करून आपले प्रतिनिधी पाठवतात. तिथेही प्रस्थापितांचेच वर्चस्व असते, हे आम्ही जाणतो. पण निदान मत मागायला उमेदवाराला तालुक्याच्या न्यायालयात यावे लागते. डॉक्टरांच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कायद्यातही निवडणुकीची तरतूद आहे. अमेरिकेत या सहायकांच्या संघटनेने २०२१ साली 'असिस्टंट' ऐवजी 'असोसिएट' हे नाव घेतले, तेही प्रतिनिधी सभागृहात मतदान करून. तेथे नाव बदलायलाही मतदान लागते. येथे नाव, अभ्यासक्रम, शुल्क, शिस्त सगळे नेमलेल्यांच्या हाती!

नामनियुक्त प्रतिनिधी म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे हा आग्रह धरला होता. १९३२ च्या पुणे करारानंतर काय झाले आणि दुसऱ्याच्या मतांवर निवडून येणारा प्रतिनिधी कोणाचा होतो, हे सांगण्यासाठी कांशीराम यांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले. तेव्हा एखाद-दुसरे ओळखीचे आडनाव परिषदेच्या यादीत दिसले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. नेमणारा ज्याला कधीही काढू शकतो, तो नेमणाऱ्याचाच असतो.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. डॉक्टरला मदत करणारा सहायक वेगळा आणि डॉक्टरच्या जागी बसवलेला सहायक वेगळा. १९४६ साली भोर समितीने कमी मुदतीच्या वैद्यकीय शिक्षणाऐवजी एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात शहरापुरती राहिली. खेड्यांसाठी वेळोवेळी कमी शिकलेला, कमी पगाराचा माणूस शोधला गेला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्य सेवादात्यांची तरतूद केली. उपकेंद्रांवर कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. ती माणसे मेहनतीने काम करतात, त्यांच्याविषयी आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शासनाच्या नियतीवर. मुंबईच्या रुग्णाला तज्ज्ञ आणि पालमच्या तांड्याला सहायक, ही आरोग्यातील वर्णव्यवस्था नव्हे तर काय?

इंग्लंडचे उदाहरण ताजे आहे. तेथे डॉक्टरांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून फिजिशियन असोसिएट नेमले. काही रुग्णांना आपल्याला तपासणारा डॉक्टर नाही हेच कळले नाही. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने त्यांना 'असिस्टंट' म्हणावे आणि निदान न झालेल्या रुग्णाला त्यांनी सरसकट तपासू नये, असे सुचविले. श्रीमंत देशात हे झाले, तर मराठवाड्यात काय होईल? २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. परभणीतही त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयाच्या पाटीने रुग्ण बरा होत नाही. भरलेल्या पदांनी होतो.

तिसरा मुद्दा कंत्राटाचा. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि विरोध होताच ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, पण पद्धत गेलेली नाही. कंत्राटात आरक्षण नाही, निवृत्तिवेतन नाही आणि खरे बोलण्याची मुभाही नाही. परभणीकरांना हे वेगळे सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी येथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या लढ्यात शवविच्छेदन अहवाल मोलाचा ठरला आणि २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. अंगावरची जखम कागदावर कोण आणि किती निर्भयपणे लिहितो, यावर गरिबाचा न्याय अवलंबून असतो. उद्या ही नोंद अकरा महिन्यांच्या कराराच्या सहायकाकडे गेली, तर वरून फोन आल्यावर त्याची लेखणी कशी टिकेल?

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. एक, राज्य परिषदेच्या नियुक्त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांच्या जागा नियमाने ठरवाव्यात. नेमणूक शासनाच्याच हाती असल्याने यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. दोन, नोंदणीपुस्तक तयार झाल्यावर व्यवसायवर्गांचे प्रतिनिधी नोंदणीकृत व्यावसायिकांच्या मतदानाने निवडावेत, यासाठी केंद्राने कायद्यात दुरुस्ती करावी. तीन, परिषदेची इतिवृत्ते, संस्थांचे तपासणी अहवाल आणि प्रवर्गनिहाय प्रवेश माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ खाली स्वतःहून प्रसिद्ध करावेत. चार, शिष्यवृत्तीच्या यादीत अभ्यासक्रम आल्याशिवाय संस्थेला प्रवेश देऊ नये. नाहीतर अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा बाप शुल्कासाठी सावकाराच्या दारी जाईल. पाच, सहायकाने काय करावे व काय करू नये याची मराठी यादी प्रत्येक दवाखान्यात लावावी आणि डॉक्टरचे रिक्त पद सहायकाने भरले असे दाखवू नये.

आता 'गुणवत्तेचे काय?' असा ठेवणीतला प्रश्न येईलच. कायद्यात प्रवेशासाठी आणि बाहेर पडताना समान परीक्षेची तरतूद आहे. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण लातूरच्या शिकवणीची फी भरू शकणारा आणि न भरू शकणारा यांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे म्हणजे गुणवत्ता नव्हे. परीक्षा असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी मोफत तयारी आणि मराठीतून प्रश्नपत्रिकाही असली पाहिजे. रुग्णाची भाषा ज्याला कळते, त्याला रुग्णाचे दुखणे लवकर कळते, हीसुद्धा गुणवत्ताच आहे.

आमच्या कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच की, भीमजयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या कायद्याला द्या. आपल्या वस्तीतील मुलगा वा मुलगी पॅरामेडिकलला प्रवेश घेत असेल, तर पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता लेखी मागा. राज्य परिषदेवर कोणाकोणाच्या नेमणुका झाल्या, कोणत्या निकषावर झाल्या, यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचे तिकीट लागते. बाबासाहेबांनी आपल्याला शासनकर्ती जमात व्हायला सांगितले. शासन फक्त विधानसभेत नसते, ते अशा परिषदांच्या बंद खोल्यांतही चालते. त्या खोलीत आमची खुर्ची कुठे आहे, हे विचारण्याची वेळ आली आहे. जयभीम!