नकाशावर संशयही काढावा

नकाशा पाहणाऱ्याच्या मनाला एक खोड असते : जें रेखीव तें खरें, असें तें धरून चालतें. रंग भरलेला कागद समोर आला, कीं त्यांतील कोणता भाग मोजलेला व कोणता अदमासानें भरलेला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे होऊं लागल्यापासून हा प्रश्न विचारणें फारच अगत्याचें झालें आहे, असें आमचें मत आहे.

बंगालची मोजणी करणारा जेम्स रेनेल हा केवढा काटेकोर मनुष्य! परंतु १७९८ सालीं, मंगो पार्कच्या प्रवासाच्या आधारें आफ्रिकेचा नकाशा करतांना, त्यानें काँग नांवाची एक पर्वतरांग काढली. ती तर्कावर उभी होती. शाई मात्र खऱ्या पर्वतांचीच. पुढें कित्येक नकाशांनीं ती उचलली, आणि १८८९ सालीं बँजे या फ्रेंच प्रवाशानें तेथें असे पर्वतच नाहींत असें सांगेपर्यंत ती सुखानें नांदली. याच्या उलट दांव्हील यानें १७४९ च्या आपल्या आफ्रिकेच्या नकाशांत जें ठाऊक नव्हतें तें कोरें सोडलें. आम्हांस त्या कोऱ्या जागेचा अधिक आदर वाटतो.

आफ्रिका दूर राहिली. आपल्या धाडच्या शिवाराचें पाहूं. उपग्रहाचें चित्र म्हणजे लहान लहान चौकोनी घरांचा पट होय. प्रत्येक घरास रंग एकच. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत सर्वांत लहान घर दहा मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें एका गुंठ्याचें. लँडसॅटचें तीस मीटरांचें, जवळजवळ नऊ गुंठ्यांचें. पण अडीचशें मीटरांच्या घरांचीं चित्रेंही वापरांत आहेत, आणि तसलें एक घर पंधरा एकरांहून मोठें! त्यांत एकाची कपाशी, दुसऱ्याचें सोयाबीन, मधला बांध, नाला व गाडीवाट हीं सर्व एका रंगांत विरघळून जातात. चित्र कितीही मोठें करून पाहिलें, तरी नसलेला बांध त्यांत दिसूं लागत नाहीं.

शिवाय ढग आहेतच. खरिपाचें पीक शेतांत उभें असतें तेच ढगांचे दिवस. पातळ ढगाखालचें हिरवेंगार पीक चित्रांत फिकें दिसतें. ढगाची सावली पडली, तर तें काळवंडतें. म्हणून मागच्यापुढच्या तारखांच्या चित्रांवरून ती जागा हिशेबानें भरून काढतात. असें भरण्यांत गैर कांहीं नाहीं. अदमासाचें घर पाहिलेल्या घराच्याच रंगानें रंगविणें, हें गैर. मौज अशी, कीं कोठें ढग व कोठें सावली हें सांगणारें जोडपत्र शास्त्रज्ञ चित्राबरोबर देत असतात. नकाशा लोकांच्या हातीं पडेपर्यंत तें बहुधा वाटेंत गळतें.

आपल्याच जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर २०२० सालीं गुलाबी झालें. लँडसॅटच्या २५ मेच्या चित्रांत पाणी हिरवें आहे, १० जूनच्या चित्रांत गुलाबी. दोन्ही चित्रें खरीं. पण मधल्या सोळा दिवसांत रंग केव्हां पालटला, याविषयीं तीं मुकीं आहेत. कां पालटला, हें तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासले तेव्हां कळलें : खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती करणी होती.

सरोवराच्या रंगानें कोणाचें पोट अडत नाहीं. शेताच्या रंगानें अडूं शकतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ पासून उपग्रहचित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धतही आली. ज्या शेतकऱ्याचें पीक ऑगस्टांत पाण्याखालीं गेलें, त्याच्या शेतावर त्या आठवड्यांत ढग होता कीं काय, हें त्यास नकाशावरच दिसलें पाहिजे. नाहींतर हरकत घ्यावयाची ती कशाच्या आधारें?

कोणी म्हणेल, अशा खुणांनीं नकाशा विद्रूप होईल व लोकांचा विश्वास उडेल. आम्हांस उलट वाटतें. बारा आणे ठाऊक असतां सोळा आण्यांचा आव आणणाऱ्या नकाशावरचा विश्वास पहिल्याच चुकीला उडतो. ढगाखालच्या घरांवर तिरप्या रेघा, अदमासाचीं घरें फिक्या रंगांत, माहितीच नसेल तेथें कोरें. आणि कोपऱ्यांत चित्राची तारीख व एका घराचें माप, तेंही गुंठ्यांत. एवढें केलें तरी पुष्कळ.

विद्यार्थ्यांनो, गांवाचा नकाशा काढाल तेव्हां स्वतः फिरून पाहिलेल्या नाल्याची रेघ अखंड काढा, नुसत्या ऐकलेल्याची तुटक. त्या तुटक रेघेलाही आम्ही गुण देऊं.