डोकं पंखाबाहेर काढणारं विमान



पाणचक्की झाली, पवनचक्की झाली, आता विमान सांगा असा तुमचा लकडा चालला होता. खरं सांगायचं तर आमच्या वर्गातही तोच लकडा होता. मुळशी खोऱ्यात आमची शाळा. बाहेर भाताची खाचरं, पलीकडे डोंगर. सगळं शांत असतं आणि मध्येच आभाळ फाटल्यासारखा आवाज होतो. लोहगावच्या तळावरून उडालेलं सुखोई! मग फळ्यावरचा भागाकार राहतो बाजूला आणि सगळा वर्ग खिडकीत. असा वर्ग असल्यावर विमान करायला मुलांना आग्रह करावा लागत नाही. पण कोणतं विमान करायचं?

सुखोईची प्रतिकृती करायची तर आतलं काही दिसत नाही. वरून सगळा गुळगुळीत पत्रा. त्यापेक्षा लाकूड, कापड आणि तारा यांचं जुनं विमान घ्यावं. त्यात काय कशाला टेकलंय आणि कोण कुणाला धरून ठेवतंय ते सगळं उघडं असतं. म्हणून आम्ही निवडलं सॉपविथ डॉल्फिन. पहिल्या महायुद्धातलं, ब्रिटिशांचं, एका माणसानं उडवायचं लढाऊ विमान. ते पहिल्यांदा उडालं १९१७ च्या मे महिन्यात, आणि १९१८ च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आघाडीवर आलं. सगळी मिळून दोन हजारांवर डॉल्फिन बांधली गेली.

त्याचं चित्र दाखवल्यावर वर्गातला पहिला प्रश्न होता, "बाई, हे उलटं छापलंय का?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्या काळच्या विमानांना पंखांच्या दोन जोड्या असत, एक खाली, एक वर. बहुतेक विमानांत वरचा पंख जरा पुढे आणि खालचा जरा मागे असे. डॉल्फिनमध्ये नेमकं उलट आहे. खालचा पुढे, वरचा मागे. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे वरच्या पंखाच्या मधोमध कापडच नाही. तिथं नुसती पोलादी नळ्यांची चौकट, आणि त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं वर आलेलं! इरल्याला भोक पाडून कुणी डोकं बाहेर काढावं तसं.

असं का केलं असेल? विचार करा बरं. हवेतल्या लढाईत जो आधी पाहतो तो वाचतो. त्या वेळच्या विमानांत वैमानिकाच्या डोक्यावर वरच्या पंखाचं छप्पर यायचं. शत्रू वरून, उन्हाच्या बाजूनं आला तर दिसायचाच नाही. डॉल्फिनचा आराखडा करणाऱ्या हर्बर्ट स्मिथ यांनी छप्पर खाली आणलं, इतकं खाली की वैमानिकाचं डोकं त्याच्या वर गेलं. आता वरचं सगळं आभाळ मोकळं. पण वरचा पंख वैमानिकाभोवती आणायचा म्हणजे तो मागे सरकला. मग विमानाचा तोल सांभाळण्यासाठी खालचा पंख पुढे घ्यावा लागला. काट्याच्या तराजूत एका पारड्याकडे हात गेला की दुसऱ्याकडे बघावं लागतं, तसं.

दिसायला छान झालं, पण त्याची किंमत होती. उतरताना विमान नाकावर पडून उलटं झालं, तर सगळ्यांत आधी जमिनीला काय लागणार? वैमानिकाचं डोकं. म्हणून सुरुवातीला अनेक वैमानिक या विमानाला बिचकत. पुढे काही डॉल्फिनवर डोक्याच्या वर नळ्यांची कमान बसवली गेली. आणखी एक घोटाळा व्हायचा. हे विमान इतकं अनोळखी दिसे की पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्याच बाजूचे वैमानिक त्याला जर्मन विमान समजून अंगावर यायचे!

इंजिन होतं हिस्पानो-सुइझा, २०० अश्वशक्तीचं, पाण्यानं थंड होणारं. आपल्या गावातला ट्रॅक्टर साधारण ४५-५० अश्वशक्तीचा असतो. म्हणजे चार ट्रॅक्टर एका नाकात बसवल्यासारखं. त्या जोरावर डॉल्फिन ताशी सुमारे २१० किलोमीटर वेगानं जाई आणि २०,००० फुटांपर्यंत चढे. पण या इंजिनाचे दाते नीट कडक केलेले नसत, ते तुटत. शत्रूपेक्षा इंजिनाचीच काळजी जास्त, अशी कित्येकदा गत होई.

आता तुम्ही विचाराल, बाई, इतकी विमानं असताना हेच का? कारण या विमानात आपल्या मुंबईचा एक तरुण बसला होता. त्यांचं नाव श्रीकृष्ण वेलिणकर.

त्या काळी भारतीयांना वैमानिक होणं सोपं नव्हतं. वैमानिक म्हणजे अधिकारी, आणि अधिकारपदाचे दरवाजे आपल्या लोकांना जवळजवळ बंदच. हरदितसिंग मलिक यांना तर आधी फ्रेंचांची रुग्णवाहिका चालवावी लागली, मग कुठे १९१७ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना विमानदलात घेतलं. ते फेट्यावर बसेल असं खास मोठं शिरस्त्राण घालून उडत. पुढे तेच स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे वेलिणकर हे त्यांचे साथी. या चौघांची नावं पाठ करा, परीक्षेत विचारणार नाही तरी.

वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये होते आणि त्या स्क्वाड्रनकडे डॉल्फिन होती. १९१८ च्या २७ जूनला ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले होते. तीन दिवसांनी, ३० जूनला, ते गेले. इंद्रलाल रॉय त्यानंतर तीन आठवड्यांनी, २२ जुलैला पडले. महायुद्ध संपलं ११ नोव्हेंबरला.

यात एक गोष्ट मला फार लागते. वेलिणकरांच्या पहिल्या थडग्यावर त्यांचं नाव चुकीचं लिहिलं गेलं होतं. परक्या भाषेतलं नाव, लिहिणारा घाईत, अक्षरं बदलली. त्यामुळे मुंबईच्या घरी मुलगा 'बेपत्ता', आणि तिकडे फ्रान्समध्ये भलत्याच नावाची कबर. युद्ध संपल्यावर शोध घेऊन ओळख पटली. आज फ्रान्सच्या सोम भागात हँगार्ड गावच्या युद्ध-दफनभूमीत त्यांच्या खऱ्या नावाचा दगड आहे.

आता लागू या कामाला. पहिलं काम हातात कात्री नाही, पेन्सिल घेण्याचं. खरं डॉल्फिन एका पंखटोकापासून दुसऱ्यापर्यंत ३२ फूट ६ इंच, लांबीला २२ फूट ३ इंच आणि उंचीला ८ फूट ६ इंच. आपण प्रमाण घेऊ १:२०, म्हणजे खऱ्याचे २० सेंटिमीटर म्हणजे आपला एक. फुटांचे इंच करा, इंचाला २.५४ नं गुणा, २० नं भागा. पंख येईल साडेएकोणपन्नास सेंटिमीटर, लांबी जवळजवळ ३४ आणि उंची १३. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या चौथी-पाचवीच्या मंडळींनी हे गणित स्वतः करावं. बाकीची मापं विमानाच्या समोरून, बाजूनं आणि वरून काढलेल्या रेखाचित्रावरून घ्यायची. अशी चित्रं आईबाबांच्या मोबाइलवर सापडतील. ती आलेख-कागदावर मोठी करून उतरवा. या एका कामाला दोन दिवस द्या. इथं घाई केली की पुढे सगळं विमान लंगडतं.

सांगाडा कळकाच्या कामट्यांचा. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा इरली विणतात, त्यांनी अशा काही सरळ आणि पातळ कामट्या काढून दिल्या की आम्ही बघतच राहिलो. ओला बांबू नको, वाळताना तो वाकतो. हिरवी सालीकडची बाजू चिवट असते, ती पंखांच्या लांब दांड्यांना वापरा. धडाला लांब चार कामट्या, मध्ये आडव्या-उभ्या छोट्या काड्या, की झाली चौकोनी पेटी. सांधे आधी दोऱ्यानं बांधा, मग फेव्हिकॉल लावा. नुसत्या फेव्हिकॉलवर विसंबू नका.

नाकासाठी पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि तासायला मऊ. पाण्याच्या दोन टाक्या, म्हणजे रेडिएटर, धडाच्या दोन्ही बाजूंना बसतात. त्यासाठी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी पट्टी उत्तम. चाकं जुन्या चपलेच्या रबराची. शेपटीखाली चाक नसतं, लाकडी टेकू असतो, हे विसरू नका. मशिनगन दोन, वैमानिकाच्या पुढ्यात. खरी साधारण ११२ सेंटिमीटर लांब, आपली साडेपाच. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी पुरते. शिवाय वरच्या चौकटीवर आभाळाकडे रोखलेल्या आणखी दोन बंदुका असायच्या, पण त्या हलून वैमानिकाच्या तोंडावर आपटत, म्हणून बऱ्याच जणांनी काढून टाकल्या. तुम्हीही नाही लावल्या तरी विमान खरंच राहील.

पंख करताना मात्र नीट ऐका. आमच्या वर्गातला एक मुलगा, हाताचा फार कसबी, त्यानं वरचा पंख गुपचूप पुढे सरकवून बांधला आणि मधल्या भोकावर कागदही चिकटवला. म्हणाला, "आता कसं विमानासारखं दिसतंय." दिसत होतं छानच. मी त्याला एवढंच म्हटलं, की आता डोळा खुर्चीत लाव आणि वर बघ. त्यानं वाकून पाहिलं. कागदच कागद. थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच ब्लेडनं दोरे कापायला लागला. दुसऱ्या दिवशी सगळा पंख नव्यानं बांधला.

दोन पंखांमध्ये प्रत्येक बाजूला चार उभे खांब, म्हणजे आठ. धडापासून वरच्या चौकटीपर्यंत आणखी चार. खांब उभे झाले की फुल्या-फुल्यांनी दोरे ताणायचे. खऱ्या विमानात तिथं पोलादी तारा असतात. आपल्याला शिवणाचा दोरा चालेल, जाड सुतळी नको, प्रमाणात बसत नाही. दोरा ताणताना पंख पिळत नाही ना, हे समोरून एक डोळा मिटून बघत राहा. तारा कशाला, असं वाटत असेल तर दोरे लावण्याआधी पंखाचं टोक हलवून बघा आणि लावल्यावर परत हलवा.

वर पतंगाचा कागद. खऱ्या विमानाला लिननचं कापड लावून वर रोगणासारखं द्रव्य फासत, ते वाळताना कापड ढोलासारखं ताणलं जाई. आपण मैद्याच्या खळीनं कागद चिकटवून वर पाण्याचा हलका हात फिरवायचा. वाळला की ताणतो. पण हे आषाढात करू नका! आमच्याकडे ताम्हिणीच्या बाजूनं पाऊस लागला की वहीचं पान वाळत नाही, तिथं विमान कसलं वाळणार? दिवाळीच्या सुट्टीतलं ऊन बरं.

रंग वरून मातकट हिरवा, खालून सायीसारखा. पंखांवर आणि धडावर वर्तुळं काढायची, बाहेर निळं, मग पांढरं, मध्ये लाल. शेपटीच्या सुकाणूवर तीन उभे पट्टे, पुढचा निळा, मधला पांढरा, मागचा लाल. हा क्रम १९३० मध्ये उलटा झाला, म्हणून नंतरच्या विमानाचं चित्र बघून रंगवू नका.

पालकांना दोन शब्द. कोयता आणि ब्लेड मुलांच्या हाती असेल तेव्हा शेजारी बसा, पण विमान तुम्ही पुरं करू नका. बाजारात खोक्यात मिळणारी तयार विमानं छान असतात, मला त्यांचं वाकडं नाही. पण त्यात कुणाचे आजोबा लागत नाहीत. आणि एका पालकानं मला सरळ विचारलं होतं, "बाई, लढाईचं विमान कशाला शिकवता पोरांना?" मला प्रश्न आवडला. मी त्यांना म्हटलं, वैमानिक बसवायच्या दिवशी वर्गात या. ते आले.

वैमानिक आम्ही शेवटी बसवला. धड शाडूचं. डोकं किती मोठं? खरं साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे आपलं एक सेंटिमीटरच्या जरा वर. एका मुलीनं खिशातून काबुली चणा काढला. बरोबर बसला! त्यावर काळ्या शाईनं टोपी, दोन ठिपक्यांचा चष्मा. चणा चौकटीतून वर आला तेव्हा सगळ्यांना एकदम दिसलं की समोर, मागे, वर, त्या डोक्याला आडोसा कसलाच नाही. विमान हातात धरून "धडाड् धडाड्" करणारी आमची पोरं त्या दिवशी ते विमान दोन्ही हातांनी उचलत होती. विचारणारे पालक काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "नाव लिवा त्याच्यावर. नीट लिवा."

तळाच्या पाटीवर आम्ही लिहिलं आहे: सॉपविथ डॉल्फिन, १९१८. प्रमाण १:२०. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबई. पाटी पुठ्ठ्याची, अक्षरं एका पाचवीतल्या मुलीची, आणि 'वेलिणकर' मधला 'ण' तिनं आधी पाटीवर चार वेळा गिरवून घेतला.

विमान टांगायचं असेल तर वरच्या चौकटीला दोरा बांधू नका, ती निघून येते. दोन्ही बाजूंच्या आतल्या खांबांना दोन दोरे बांधा आणि चुलीच्या धुरापासून लांब टांगा, नाहीतर कागद महिन्याभरात पिवळा पडतो.

तुमच्या बाई